‘निळू फुले सेट’ आणि खरे निळू फुले : बेळगावातल्या एका ड्रेपरीचा अनुभव

मी उद्यमबागेत लेथवर काम करतो. गाव मार्कंडेय नदीकडेचं, बेळगावपासून बसनं पाऊण तास. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी रात्री गावात नाटक होतं आणि सव्वीस वर्षं मी त्यात काम करतोय. त्यातली निदान अठरा वर्षं पाटीलच झालोय. एवढ्या वर्षांत बऱ्याच ड्रेपऱ्यांचे (नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानांचे) कपडे अंगावर चढवले, म्हणून हे लिहितोय. यंदा ज्या दुकानातून कपडे आणले ते गणपत गल्लीतून आत वळल्यावर एका जुन्या इमारतीच्या माडीवर आहे. मालकाचं वय झालंय, पाटीवर नाव पुसट आहे आणि दुकानाला सगळे ‘अण्णांची ड्रेपरी’ एवढंच म्हणतात. खाली विचारलं तर कुणीही जिना दाखवेल.

यंदा आम्ही नाटक बसवलं नाही. मंडळाची चार पोरं पुण्याला नोकरीला गेली, बायकांची कामं करणाऱ्या दोघी परीक्षेत अडकल्या. तेव्हा नानांनी (आमचे दिग्दर्शक, नात्यानं माझे चुलते) सुचवलं की निळू फुल्यांवर दोन तासांचा कार्यक्रम करू. एकानं निवेदन करायचं, मी त्यांच्या पाच भूमिकांचे पाच प्रसंग उभे करायचे. नक्कल करायची नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. आमच्या गावात त्यांचा आवाज काढता न येणारा माणूस सापडणार नाही. पानपट्टीवर, बसमध्ये, हळदीला, कुणीही नाकातून घोगरं ‘बाई’ म्हणतं आणि सगळे हसतात. नानांना त्याचाच राग. “त्या माणसानं आयुष्यभर काय केलं ते कुणाला ठाऊक न्हाई. आवाज तेवढा घेतला लोकांनी,” असं ते म्हणाले, आणि मला ते मनापासून पटलं.

ड्रेपरीला फोन केला. पलीकडून तरुण आवाज आला, “निळू फुले सेट पायजे न्हवं? हाय की. साडेतीनशे, एका रात्रीचं.”

या सेटात काय येतं ते सांगतो, कारण सीमाभागातल्या बहुतेक ड्रेपऱ्यांत हेच मिळतं. इलास्टिकचं तयार धोतर, काळं जाकीट, गुलाबी फेटा, पितळी मुठीची काठी, कंबरेला बांधायचं कापसाचं पोट, नकली सोन्याची साखळी आणि कानापर्यंत जाणारी जाड मिशी. हे सगळं घातलं की पाटील होतो. निळू फुले होत नाहीत. मीसुद्धा अठरा वर्षं हाच सेट घातला आणि यंदा कार्यक्रमासाठी त्यांचं काम पुन्हापुन्हा बघताना लक्षात आलं की तो माणूस अंगानं किरकोळ होता. पोट नाही, रुंद छाती नाही. पडद्यावर सगळ्या गावाला धाक वाटायचा तो बोलण्याआधी घेतलेल्या थांब्यामुळं, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांमुळं, आणि समोरच्याकडं न बघता बोलण्यामुळं. त्याला कापसाचं पोट लावून आपण काय दाखवतो?

फोनवर हे सांगून उपयोग नव्हता. रविवारी सकाळी यादी घेऊन गेलो.

माडीवर चढलं की पहिल्यांदा डांबरगोळ्यांचा वास येतो, मग जुन्या जरीचा. एका भिंतीला लाकडी खुंट्यांवर पारिजाताच्या खेळाचा (श्रीकृष्ण पारिजात, कन्नड लोकनाट्य) कृष्णाचा मुकुट, मोरपिसासकट. त्याला लागूनच शिवाजी महाराजांचा जिरेटोप, आणि त्याखाली पोलिसाच्या टोप्यांची चळत. दुसऱ्या भिंतीला पडदे गुंडाळून उभे केलेले, कडेला खडूनं लिहिलेलं: रस्ता, महाल, जंगल, तुरुंग. वही दोन्ही भाषांत. गोकाक, बैलहोंगलकडची मंडळी आली तर अण्णा कन्नडमध्ये लिहितात, आम्ही गेलो तर मराठीत. मी गेलो तेव्हा सौंदत्तीकडचे तिघे बसले होते, त्यांच्याशी बोलता बोलताच माझ्याकडं वळून “कुंदर्री, बसा बसा” झालं. पारिजातच्या खेळाला गेलेला कमरपट्टा आठवड्यानं आमच्या संभाजीच्या कंबरेला येतो, हे मला त्या दिवशी वही बघून कळलं.

अण्णांनी यादी हातात घेतली. “कुठलं नाटक करूलाय?”

मी सांगितलं, एक नाटक नाही, एका नटाचे पाच जण. ते चष्मा वर करून म्हणाले, “मग सेट कशाला मागितला? एकेक माणूस सांगा की.”

इथून पुढचे दोन तास या दुकानाला पाचपैकी पाच तारे द्यावेत असे होते. म्हणून सविस्तर सांगतो.

पहिला माणूस लोकनाट्यातला. निळूभाऊ राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आले, राम नगरकर त्यांचे तिथले सोबती. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करत करत ते वगात उभे राहायचे. पु. ल. देशपांड्यांच्या ‘पुढारी पाहिजे’मधल्या रोंगेनं लोकांच्या डोळ्यांत भरले आणि ‘कथा अकलेच्या कांद्याची’नं नाव झालं. पु. ल. बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते, त्यामुळं आमच्या निवेदकानं तिथून सुरुवात केली, आणि लोकांना तो धागा आपला वाटला. मला या माणसासाठी साधी बंडी, मळकट धोतर आणि मुंडासं हवं होतं. दुकानातल्या पोरानं काढून दिलं ते टिकल्यांचं, झगमगीत. सोंगाड्याचं असंच असतं म्हणाला. अण्णांनी ते परत ठेवायला लावलं. सेवा दलाची पोरं खेड्यात जाऊन कंदिलाच्या उजेडात करायची, त्यांच्याकडं टिकल्यांना पैसे कुठले असणार, असं ते म्हणाले, आणि पोत्याच्या तळातून एक खरीखुरी बंडी काढली. बंदांची, खांद्यावर ठिगळ. भाडं पन्नास रुपये. पाचांतला सगळ्यांत स्वस्त आणि मला सगळ्यांत आवडलेला कपडा.

दुसरा झेलेअण्णा. अनंत माने यांचा १९६८चा ‘एक गाव बारा भानगडी’, निळूभाऊंचा पडद्यावरचा पहिला मोठा ठसा. मंचावरचा नट पडद्यावर गेला की पहिल्या सिनेमात बहुतेक वेळा आवाज मोठा ठेवतो, हात फार हलवतो. या माणसाच्या अंगात तमाशाच्या बोर्डावरची लय होती ती त्यांनी तशीच ठेवली, नुसती आवाजाची पट्टी उतरवली. मी लेथवर काम करणारा माणूस, मला ते टूल किती आत घालायचं त्यासारखं वाटतं. एक सूत जास्त गेलं की जॉब वाया. कपड्यांच्या बाबतीत इथं काही विशेष नाही. टोपी, कोट, उपरणं मिळालं, ठीक होतं. कोटाचं एक बटण वेगळ्या रंगाचं होतं, ते घरी बदललं.

तिसऱ्या नावावर आमच्याच मंडळात वाद झाला होता. ‘सखाराम बाइंडर’. तेंडुलकरांचं नाटक, कमलाकर सारंगांचं दिग्दर्शन, १९७२. सेन्सॉर बोर्डानं इतके कट सुचवले की सारंग मुंबई हायकोर्टात गेले आणि तिथं जिंकले. लालन सारंग चंपा झाल्या, कुसुम कुलकर्णी लक्ष्मी, निळू फुले सखाराम. यात्रेत बायकामाणसं, पोरंटोरं बसलेली असतात, तिथं बाइंडर नको असं दोघांचं म्हणणं पडलं. नानांनी ऐकलं नाही. ते म्हणाले, “ज्या कामानं त्यांना सगळ्या महाराष्ट्रानं नट म्हणून मानलं तेच वगळायचं?” शेवटी एवढं ठरलं की नवऱ्यानं टाकलेल्या बाईला घरात आणल्यावर सखाराम तिला घराचे नियम सांगतो तेवढाच प्रसंग, तोही आमच्या शब्दांत, घ्यायचा. मी तालमीत तो करताना पहिल्यांदा ओरडत होतो. नाना म्हणाले, तो राक्षस नाही, त्याला आपण प्रामाणिक आहोत असं वाटतंय. खोटं बोलणाऱ्या, लग्न करून बायकोला मारणाऱ्या जगापेक्षा आपला व्यवहार सरळ आहे असं त्याला मनापासून वाटतं. म्हणून भीती वाटते. ते कळल्यावर मी आवाज खाली आणला.

सखाराम छापखान्यात बुकबाइंडिंग करतो, जन्मानं ब्राह्मण आहे. अण्णांना मी जानवं मागितलं. त्यांनी नवं दिलं नाही. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं दिलं, कारण नवीन दोरा दिव्याखाली निळसर पांढरा चमकतो आणि प्रेक्षकाची नजर तिथंच अडकते. धोतर मात्र त्यांच्याकडं इलास्टिकचंच निघालं. मी हटून बसलो, कारण सखाराम मांडी घालून बसतो, आणि मांडी घातली की इलास्टिकच्या धोतराची शिवण समोर दिसते. शेवटी अण्णांनी माळ्यावरून न शिवलेलं खरं धोतर काढून दिलं. नेसायला येतं का विचारलं. मला येतं, आमच्या आज्यानं शिकवलंय. आता मंडळातल्या पंचविशीच्या आतल्या एकाही पोराला नेसता येत नाही, आणि ड्रेपरीवाले इलास्टिक ठेवतात ते त्यामुळंच. दोष एकट्या दुकानाचा नाही.

एक खरी चूक इथं झाली. सखाराम मृदंग वाजवतो. मी फोनवरही सांगितलं होतं, यादीतही लिहिलं होतं. यात्रेच्या आदल्या रात्री पेटी उघडली तर आत ढोलकी. ढोलकी हातात घेतली की आमच्या भागातल्या प्रेक्षकाला लगेच तमाशाची बारी आठवते आणि सखारामच्या घरातली ती एकट्या माणसाची रात्र हातची जाते. मी गावातल्या भजनी मंडळाचा पखवाज मागून आणला. सांगितलेली वस्तू न देता तिच्याच जातीतली दुसरी द्यायची आणि कळवायचंही नाही, हे चुकीचं आहे. दुकानाबद्दलची माझी सगळ्यांत मोठी तक्रार हीच.

आता चौथा. ‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील. या एका भूमिकेसाठी मी हा कार्यक्रम करायला तयार झालो.

डॉ. जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, पटकथा तेंडुलकरांची, निर्माते रामदास फुटाणे. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. समोर डॉ. श्रीराम लागू, दारूच्या आहारी गेलेला, कुठून आला ते कुणाला ठाऊक नसलेला मास्तर. हिंदुराव सहकारातला सम्राट, साखर कारखान्याचा मालकच म्हणा. तो मास्तराला आसरा देतो, खाऊपिऊ घालतो, आणि मास्तर त्याच्याच घरात बसून मारुती कांबळेचं काय झालं ते विचारत राहतो. आमच्या भागात हा सिनेमा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. संकेश्वर, चिक्कोडी, निपाणीकडं उसाच्या ट्रॉल्या पाहत वाढलेल्या माणसाला कारखाना म्हणजे गावात काय काय असतं ते कळतं. माझी आई हा सिनेमा पाहून घरी आली तेव्हा निळू फुल्यांना शिव्या घालत होती, आणि रात्री जेवताना म्हणाली, “खरं शेवटाला त्याचीच कीव आली बघ.” मी लहान होतो. हे वाक्य मात्र लक्षात राहिलं. लोकांच्या शिव्या मिळवणारा आणि त्याच माणसांकडून शेवटाला कीवही काढून घेणारा दुसरा नट मी पाहिला नाही.

मी अण्णांना म्हटलं, मला पोट नको, मिशी नको, फेटा नको. पांढरं धोतर, पांढरा नेहरू शर्ट, पांढरी टोपी. पण खेड्यातल्या मंचावर, मागं रस्त्याचा रंगीत पडदा असताना, माझ्यासारखा बारक्या उंचीचा माणूस एवढ्यावर मोठा कसा दिसणार, ही मला धास्ती होती. अठरा वर्षांचा आधार सुटत होता.

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “समोर मास्तर कोण करतोय? त्याचं कापड कुठाय?” मास्तराचे कपडे आम्ही घरचेच घेणार होतो, जुना कोट होता एकाचा. ते म्हणाले, “तुमचं माप बघू नका. त्याचं बघा.” पाटील मोठा दिसायला हवा असेल तर समोरच्याचा कपडा मळका हवा, आणि दोन माप मोठा. मास्तर आपल्याच कोटात हरवला पाहिजे. मग हिंदुरावाच्या अंगावर चेन नको आणि काठी नको, कडक इस्त्री तेवढी पुरे. त्यांनी आतून एक तपकिरी कोट आणला. खांदे दंडापर्यंत उतरणारा, एका खिशाचं अस्तर बाहेर लोंबणारा. तो माझ्या पुतण्याच्या अंगावर (मास्तर त्यानंच केला) घालून दाखवला, शेजारी मला उभं केलं आणि आरशाकडं वळवलं. मी तसाच होतो. तो मात्र एकदम निराधार दिसला, आणि त्यामुळं मी गावचा मालक दिसायला लागलो.

मग टोपी. डब्यात पन्नास तरी टोप्या होत्या, एकमेकींत घातलेल्या. अण्णांनी त्यातली एक काढली, तोंडात पाणी घेऊन तिच्यावर बारीक फवारा मारला, पाटावर ठेवून अंगठ्याच्या नखानं मधली घडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबत नेली. परत फवारा, परत नख. तीनदा. मग पितळी तांब्यात निखारे घालून तांब्याच्या बुडानं ती दाबली. वीज असताना तांब्या का, असं पुतण्यानं विचारलं. बुड गोल असतं, कडेचा वळसा बरोबर बसतो, असं उत्तर मिळालं. टोपी हातात दिली तेव्हा तिची धार कागदासारखी होती. म्हणाले, बोलायच्या आधी एकदा टोपीला हात लावा, सरळ करायला न्हवं, सरळ हाय की न्हाई ते बघायला. जो माणूस आपली टोपी सरळ आहे हे ठाऊक असून हात लावून बघतो, त्याच्या मनात काय चाललंय ते समोरच्याला कळतं.

यात्रेच्या रात्री मी तसंच केलं. मास्तर पायरीवर बसलेला, अंगावर तो तपकिरी कोट. त्यानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी काही बोललो नाही. टोपीला हात लावला. मंडपात हजारभर माणसं होती, शेंगदाणेवाल्याचा आवाज येत होता. तो थांबला. माझ्या सव्वीस वर्षांत असं शांत झालेलं आमचं मैदान मी पाहिलं नव्हतं. जुन्या सेटमध्ये असतो तर मी काठी आपटली असती.

पाचवा दिगू टिपणीस, ‘सिंहासन’, १९७९. पुन्हा जब्बार पटेल, अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या कादंबऱ्यांवरून. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री डॉ. लागू, आणि या सगळ्यांच्या मधून फिरणारा, सगळं बघणारा पत्रकार म्हणजे निळू फुले. चार वर्षांपूर्वी जो सत्तेच्या गादीवर बसला होता तोच आता तिच्या दाराशी वही घेऊन उभा. शेवटाला सगळं बघून झाल्यावर तो हसतो, थांबतच नाही, आणि ते हसू बघणाऱ्याच्या अंगावर येतं. इथं कपड्याला काही करायचं नव्हतं. साधा झब्बा, पँट, खांद्याला शबनम. झब्बा बरा होता, शबनम नवीकोरी होती म्हणून मी माझी जेवणाचा डबा न्यायची पिशवी घेतली, तिच्यावर तेलाचे डाग होते. दुकानाच्या चपला मात्र घेऊ नका. पाचही जोड एकाच मापाचे, तळ निसटलेले, आणि अंगठ्याजवळचा खिळा वर आलेला. मला तो लागला.

यादीत सहावं नाव होतं आणि ते राहिलं. जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मधले अप्पाजी, जुने गांधीवादी, ज्यांचा मुलगाच सत्तेत बसलाय. गावोगावच्या बायका ज्याला खलनायक म्हणून ओळखत होत्या त्या नटानं मंचावर हा खादीतला म्हातारा उभा केला. हिंदीत त्यांना ‘कुली’सारख्या सिनेमांत लोकांनी पाहिलं, ‘सारांश’मधला त्यांचा पुढारी गजानन चित्रेही लक्षात राहतो, पण तिथं पुन्हा तोच साचा जास्त वापरला गेला असं मला वाटतं. मराठी रंगभूमीनं त्यांना साच्याबाहेरचं काम दिलं. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९९१चा. १३ जुलै २००९ला पुण्यात ते गेले तेव्हा आमच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला बातमी आली, आणि ज्या माणसाचा आवाज काढून आम्ही रोज हसायचो त्याचा आवाज त्या दिवशी कुणी काढला नाही.

आता व्यवहाराचं.

पाच माणसांचे कपडे, मास्तराचा कोट, एक रस्त्याचा पडदा, असं मिळून एक हजार नऊशे रुपये झाले. डिपॉझिट दोन हजार. कपडे एक दिवस आधी मिळतात आणि कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत परत करायचे. उशीर झाला तर दिवसाचं निम्मं भाडं जादा. दुकान सकाळी दहाला उघडतं, दुपारी दोन ते चार अण्णा झोपतात तेव्हा तो पोरगा असतो. अण्णा असतानाच जा. पोरगा वाईट नाही, पण त्याच्याकडं ‘पाटील सेट’, ‘इन्स्पेक्टर सेट’, ‘म्हातारा सेट’ एवढीच भाषा आहे, आणि ढोलकीही बहुतेक त्यानंच भरली.

वेळ सांभाळा. वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ निघतात तेव्हा बेळगावात एकाही ड्रेपरीत मावळ्याचा कपडा शिल्लक राहत नाही, आणि सगळी गडबड तिथंच असते. आमची यात्रा त्याच आठवड्यात आली. आम्हाला ऐतिहासिक काही नको होतं म्हणून निभावलं. तुम्हाला अंगरखे, जिरेटोप, ढाली हव्या असतील तर दीड महिना आधी वहीत नाव घाला आणि पैसे देऊन पावती घ्या. तोंडी सांगितलेलं इथं टिकत नाही.

रंगभूषेचं सामान त्यांच्याकडं विकतच घ्यावं लागतं. स्पिरिट गम ताजा होता, पॅनकेक जुना, कडेला तडे गेलेला. झेलेअण्णासाठी बारीक मिशी मागितली होती, ती कुरळ्या काळ्या क्रेपची आली, आणि माझे केस आता निम्मे पांढरे आहेत. घरी कात्रीनं विंचरून, कडेला थोडी भुकटी लावून चालवली. साठ रुपयांत एवढं काम आपण का करायचं?

परत देताना थोडी कुरबुर झाली. हिंदुरावाच्या शर्टाच्या कॉलरला रंग लागला होता, दीडशे कापतो म्हणाला पोरगा. मी म्हटलं, सखारामचं धोतर येतानाच मागच्या बाजूला पानाच्या डागाचं होतं, मी तेव्हाच दाखवलं होतं. वहीत नोंद नव्हती. अण्णा मधे पडले आणि पन्नासावर मिटलं. यातून शिकलो ते हे की कपडे घेताना प्रत्येक डाग त्यांच्यासमोर वहीत लिहून घ्यायचा, आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा. सौंदत्तीच्या मंडळींनी माझ्यासमोर तेच केलं होतं, मी लक्ष दिलं नव्हतं.

तारे द्यायचे तर वस्तूंना तीन, अण्णांना पाच, पोराला अजून काही नाही, त्याला शिकू दे. बेळगावात यापेक्षा चकचकीत कपडे देणारी दुकानं आहेत, धुतलेले, प्लॅस्टिकमध्ये घातलेले. नाचाला, गॅदरिंगला, फॅन्सी ड्रेसला तिकडंच जा. नाटकातला माणूस कोण आहे हे तुम्हाला ठाऊक असेल आणि त्याच्या अंगावर काय असेल ते ठरवायचं असेल, तर या जिन्यावर चढा. यादीत ‘पाटील’ असं लिहू नका. कुठला पाटील, कुणासमोर उभा, काय लपवतोय, ते लिहा.

कपडे परत करून निघताना मी अप्पाजींचं बोललो. नानांच्या मनात पुढच्या संक्रांतीला ‘सूर्यास्त’मधला एक प्रसंग वाचनालयाच्या हॉलमध्ये करायचं आहे. अण्णा म्हणाले, खादी माझ्याकडं हाय, खरं नवी हाय, चार महिने मिळाले तर धुऊन धुऊन अंगाला बसवून देतो. दोनशे रुपये देऊन आलो. या वेळी पावती घेतली.